शर्मिला बोरसे आल्या आहेत

हेमंत बोरसे सभागृहामागच्या खोलीत खुर्चीवर उभे राहून छताला लावलेल्या यंत्राची वायर तपासत होते, तेव्हा खिशातला फोन थरथरला. विद्यापीठाच्या नेटवर्कचा संदेश होता. असे संदेश त्यांना दिवसभर येत असत, म्हणून त्यांनी एका हाताने फोन काढून सहज वाचला.

'आपल्या पाहुण्या शर्मिला बोरसे पूर्व दरवाजाने आत आल्या आहेत.'

ते खुर्चीवरून उतरले आणि त्याच खुर्चीवर बसले. शर्मिला त्यांची बायको. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

सातमाळा विद्यापीठ गावापासून लांब, उघड्या पठारावर आहे. तिथे मोबाइलची रेंज धड मिळत नाही. विद्यापीठाचं स्वतःचं बिनतारी नेटवर्क आहे, त्यावरच फोन चालतात. विद्यार्थ्यांचं आणि नोकरदारांचं ठीक होतं, त्यांना कायमचे पासवर्ड होते. घोळ व्हायचा तो पाहुण्यांचा. परीक्षेला मुलांना घेऊन आलेले पालक, व्याख्यानाला आलेले पाहुणे, सकाळी फिरायला येणारी गावातली म्हातारी मंडळी. कोण नेटवर्क वापरतंय याची नोंद ठेवा, असा सरकारी नियम. त्यासाठी मोबाइलवर आकडे पाठवायचे, आणि रेंज नसल्यामुळे ते आकडे यायचेच नाहीत. नेटवर्क विभागाच्या दाराशी लोक फोन हातात धरून उभे असायचे. हेमंत त्या विभागाचे प्रमुख. वर्षानुवर्षं त्यांनी हेच ऐकलं होतं, "साहेब, अजून आला नाही नंबर."

मग चालीवरून ओळखण्याची पद्धत आली.

त्यामागचं शास्त्र अवघड नाही. नेटवर्कचं यंत्र रेडिओलहरी सोडतं. त्या भिंतींवर, झाडांवर, माणसांवर आपटून दुसऱ्या यंत्रापर्यंत पोचतात. माणसाच्या अंगात पाणीच जास्त, त्यामुळे काही लहरी अंगात मुरतात, काही परततात. माणूस चालला की हा सगळा खेळ क्षणाक्षणाला बदलतो. पाय किती उचलला, खांदा किती झुकला, पाऊल टेकताना अंग किती डुललं, हे सगळं त्या बदलात उतरतं. घरातल्या माणसाचं पाऊल जिन्यावर वाजलं की आपण न बघता नाव सांगतो. नेटवर्क तेच करायला शिकलं होतं, फक्त कानाऐवजी लहरींनी.

पाहुण्याने दरवाजातून आत येऊन वडाच्या रस्त्याने थोडं चालायचं, एवढंच. ओळखीची चाल असेल तर फोन आपोआप जोडला जायचा. नसेल तर नाव विचारून नवं खातं निघायचं. कुणातरी नोकरदाराने पाहुण्याची हमी घ्यायची, म्हणजे पाहुणा आल्याचा किंवा एका इमारतीतून दुसरीकडे गेल्याचा संदेश हमीदाराला जायचा. पाहुण्याला सामोरं जाता यावं म्हणून. चालीच्या नोंदी मात्र यंत्राबाहेर काढायच्या नाहीत, कुणी बघायच्या नाहीत, हा नियम हेमंतनीच लिहिला होता.

दर सहामाहीला हमीदाराला पडद्यावर विचारणा व्हायची. हे पाहुणे अजून येतात का? शर्मिला संध्याकाळी फिरायला यायची, आजारी पडल्यावरही काठी टेकत यायची. ती गेल्यावर हेमंतना तीन वेळा विचारणा झाली. तीनही वेळा त्यांनी 'हो' दाबलं. 'नाही' दाबायला बोट वळलं नव्हतं.

ते पूर्व दरवाजाकडे निघाले. चालता चालता पळायला लागले. आपण कुणाला बघायला पळतोय, हे त्यांना स्वतःला सांगता आलं नसतं.

वडाखाली नोंदणीचं टेबल होतं. माती आणि केळी या विषयावर दोन दिवसांची परिषद भरली होती, चारशे पाहुणे यायचे होते. टेबलाशी पाठमोरी उभी राहून एक मुलगी गळ्यात ओळखपत्र अडकवत होती. ती वळली.

"हे काय, पप्पा? मी तुमच्या ऑफिसात येऊन तुम्हाला दचकवणार होते. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मनवा, त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यात माती तपासणाऱ्या कंपनीत होती. संध्याकाळच्या गाडीने येणार होती.

"तू गाडीने येणार होतीस ना?"

"संभाजीनगरहून मैत्रिणीची कार मिळाली. तुम्ही पळत का आलात? घाम बघा किती आलाय."

"कोण आलं बघायला आलो."

"मीच आले. अजून कोण येणार?"

ती उद्घाटनाला आत गेली. हेमंत तिच्याकडे बघत राहिले. त्यांना एकदम हलकं वाटलं. यंत्र चुकलं होतं, पण काय सुंदर चुकलं होतं. शर्मिलाची चाल मुलीत उतरली होती आणि ती त्यांना कधी दिसली नव्हती.

हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. ते विभागात गेले. तिथे तरन्नुम तडवी बसली होती, त्यांच्या हाताखालची इंजिनियर. पाच वर्षं दोघं एकत्र काम करत होते.

"तरन्नुम, आपलं नेटवर्क माणूस ओळखायला चुकतं का गं?"

"चुकतं की. कुलसचिवांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा आठवडाभर त्यांना पाहुणे समजत होतं."

"त्यात काय चुकलं? येतात ते पाहुण्यासारखेच."

ती हसली. मग त्यांनी फोन पुढे केला. संदेश वाचून तिचं हसू थांबलं.

"सर, मॅडमचं खातं बंद नाही केलंत?"

"नाही." ते घाईने म्हणाले, "ते सोड. मनवा आली आहे. तिला शर्मिला समजलंय ते. माझी मुलगी आईसारखी चालते, आणि हे मला एका डबड्याने सांगावं."

"छान आहे," तरन्नुम म्हणाली. "पण असं व्हायला नको. दोन माणसांत गल्लत झाली तर परिषदेत एकाच्या फोनवर दुसऱ्याचा कारभार सुरू व्हायचा. बघते मी." ती पडद्याकडे वळली. थोड्या वेळाने तिने खुर्ची जरा मागे घेतली. तिचा आवाज बदलला होता.

"सर, सहा महिन्यांपूर्वी वर्षश्राद्धाला मनवाताई आल्या होत्या. तेव्हा इथे नेट वापरलं होतं त्यांनी."

"हो. मीच हमी घेतली होती."

"तेव्हा नेटवर्कनं त्यांना नवीन माणूस म्हणून घेतलंय. मनवा बोरसे, वेगळं खातं. मॅडमशी अजिबात जुळलं नव्हतं." तिने पडद्यावरची खालची ओळ पुन्हा वाचली. "आज त्यांची चाल त्यांच्या स्वतःच्या खात्याशी जुळत नाहीये. मॅडमच्या खात्याशी जुळतेय."

"मग?"

"मॅडमची चाल काही वर्षांची साठलेली आहे ना. आज जुळली ती अगदी शेवटची नाही. त्याच्या आधीची. त्या डॉक्टरकडे जायला लागल्या, त्याच्या सुमाराची."

खोलीत पंखा फिरत होता.

शर्मिलाला अटॅक्सिया होता. लहान मेंदूतल्या, तोल सांभाळणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. आधी पाऊल किंचित रुंद पडतं, वळताना क्षणभर अडखळायला होतं. कुणाच्या लक्षात येत नाही. मग हातातला पेला हिंदकळायला लागतो, बोलणं जड होतं. शर्मिलाच्या वडिलांना तोच आजार होता. आईकडून मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी. रक्ताच्या एका तपासणीत ते कळतं. शर्मिला गेल्यावर डॉक्टरांनी मनवाला तपासणीचं विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "नको. निम्मी शक्यता उशाशी घेऊन मी झोपते रोज, तेवढी पुरे." आणि घरी आल्यावर हेमंतना म्हणाली होती, "पप्पा, शपथ घ्या. हा विषय तुम्ही माझ्यासमोर काढायचा नाही." त्यांनी घेतली होती.

त्यानंतर औषध आलं. पाठीच्या कण्यातून द्यायचं इंजेक्शन. मेलेल्या पेशी त्याने परत येत नाहीत, पण सुरुवातीलाच घेतलं तर आजार पुष्कळ वर्षं लांबतो. उशीर झाला तर उपयोग नाही. हेमंतनी ती बातमी मनवाला पाठवली होती. तिने काहीच उत्तर दिलं नव्हतं.

"चपला नवीन असतील," तरन्नुम म्हणाली. "टाच चावत असेल. कारमध्ये बसून पाय आखडले असतील. वडाच्या रस्त्यावर यंत्रं विरळ आहेत, सर. एका जुळणीवर काही ठरत नाही. सभागृहात, मांडवात तर गर्दीमुळे चाल ओळखताच येत नाही. ग्रंथालयाच्या बोळातली असती तर गोष्ट वेगळी, तिथे दाट आहेत, तिथे गल्लत होत नाही." मग तिने पडदा बंद केला. "मुळात मी हे उघडायलाच नको होतं. पाहुण्याची चाल बघायची नाही, तुमचाच नियम आहे."

"तू दुरुस्तीसाठी उघडलंस."

"आता दुरुस्ती काय करू, ते सांगा."

त्यांनी फोन खिशात टाकला.

दुपारी ते मनवाबरोबर मांडवात जेवायला बसले. भरीत होतं, कळण्याची भाकरी होती. मनवा बोलत होती आणि हेमंत तिचा हात बघत होते. वाटी उचलताना, पाणी पिताना. पाणी सांडलं नाही. मग ती मीठ आणायला उठली तर त्यांनी तिचे पाय बघितले. चपला जुन्याच होत्या.

"काय बघताय मघापासून?"

"बारीक झालीस."

"दर वेळी बारीक होते मी. एव्हाना दिसेनाशी व्हायला हवी होते." ती हसली, मग भाकरीचा तुकडा मोडत खाली बघत म्हणाली, "एक सांगायचं होतं. मी आणि सुयश आता मुलाचा विचार करतोय. दिवाळीनंतर."

हेमंतच्या तोंडात घास होता. तो त्यांनी पाण्याबरोबर गिळला.

"चांगलं आहे," ते म्हणाले.

"एवढंच?"

"चांगलं आहे, बेटा."

ती त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली. तिला वाटलं असावं, मम्मीची आठवण आली. तिने त्यांच्या पानात भरीत वाढलं.

सांगितलं तर शपथ मोडणार. पण नुसती शपथ असती तर त्यांनी ती मोडली असती. तिने दीड वर्ष कष्टाने सांभाळलेलं न कळणं त्यांच्या एका वाक्याने संपणार होतं. 'तुला जाणून घ्यायचंय का' असं विचारणं म्हणजेही सांगणंच. आणि गप्प राहावं तर औषधाची वेळ निघून जाणार. मूल होणार, आणि त्यालाही तीच निम्मी शक्यता. शिवाय यंत्र चुकलं असेल तर? तर उगाच तिची झोप उडवायची. हेमंतना आता एकच हवं होतं. यंत्र चुकलंय, हे पक्कं कळायला हवं होतं.

"चल," जेवण झाल्यावर ते म्हणाले, "तुला नवीन ग्रंथालय दाखवतो."

"आत्ता? मातीच्या सत्राला जायचंय मला."

"पाच मिनिटं. जाता जाता."

ग्रंथालयाचा बोळ लांबलचक, गुळगुळीत फरशीचा. सत्र सुरू असल्याने तिथे कुणी नव्हतं. छतावर ओळीने पांढरी यंत्रं होती. हेमंत मुद्दाम मागे राहिले. मनवा पुढे चालत होती, काचेतून पुस्तकांची कपाटं बघत होती, काहीतरी बोलत होती. ते काय, ते त्यांच्या कानात शिरलं नाही. मध्येच तिने टोकापर्यंत जाऊन वळण घेतलं आणि वळताना तिचा हात सहज भिंतीला टेकला. शर्मिला असाच टेकवायची. की सगळीच माणसं टेकवतात? आपण मुलीला घोड्यासारखं चालवून बघतोय, हे त्यांच्या मनात आलं, आणि तेवढ्यात शर्टाच्या खिशात फोन थरथरला.

त्यांनी तो काढला नाही.

"फोन वाजतोय तुमचा," परत येत मनवा म्हणाली.

"वाजू दे."

"परिषद चालू आहे, नेटवर्कचा साहेब फोन घेत नाही?" लहानपणापासूनच्या सवयीने तिने त्यांच्या खिशातून फोन काढला. "बघू, कोण बोंबलतंय."

तिने वाचलं. हेमंतना ते वाचायची गरज नव्हती. तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"शर्मिला बोरसे ग्रंथालयात आहेत," ती हळू म्हणाली. तिने मान वर करून बोळात दोन्हीकडे बघितलं. दोघांशिवाय कुणी नव्हतं. मग ती छतातल्या यंत्रांकडे बघत राहिली. हे नेटवर्क कसं ओळखतं ते तिला माहीत होतं, हेमंतनीच तिला कौतुकाने समजावलं होतं.

"सकाळी पळत आलात ते यासाठी?"

"हो."

"आणि मला इथे आणलंत ते?"

हेमंतनी फोन परत घ्यायला हात पुढे केला.

"पप्पा, तुम्ही मला चालवून बघितलंत?"

"चुकलंय असं कळावं म्हणून," ते म्हणाले. "देवाशपथ, चुकलंय एवढंच कळावं म्हणून."

मनवा भिंतीला टेकून खाली फरशीवर बसली. हेमंत तिच्याजवळ बसायला गेले, तर तिने हात आडवा केला. ते उभेच राहिले.

"तुम्ही सांगणार होतात का मला?"

"माहीत नाही. जेवताना वाटलं, नाही सांगणार. आता वाटत होतं, सांगेन."

"मी विचारलं होतं का कुणाला? मी फक्त नेट वापरायला आले होते. मेल बघायचे होते मला." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर हेमंतना बरं वाटलं असतं. "मी ज्या ज्या रस्त्याने चालणार तिथे हे असणार आता. आमच्या ऑफिसात आहे, स्टेशनवर आहे. सगळ्यांना कळणार, मला सोडून."

तिने त्यांचा फोन फरशीवर उपडा ठेवला. मग म्हणाली, "हे बंद करा."

"तुझं खातं?"

"सगळं. मला दरवाजापर्यंत जाऊन परत यायचंय. कुणीही न मोजता, एकदा नुसतं चालायचंय."

वीस वर्षांत हेमंतनी विद्यापीठाचं नेटवर्क स्वतःहून कधी बंद केलं नव्हतं. वादळात, वीज गेल्यावर, संपातही ते चालू राहील हे त्यांनी बघितलं होतं. नियंत्रणाची खोली त्याच बोळाच्या टोकाला होती. ते आत गेले, आणि एकेक इमारत करत त्यांनी सगळं बंद केलं. सभागृह, मांडव, वडाचा रस्ता, शेवटी ग्रंथालय. छतातले हिरवे दिवे विझले.

"झालं," ते बाहेर येऊन म्हणाले.

मनवा उठली. "तुम्हीही बघायचं नाही."

हेमंत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तिच्या चपला वाजू लागल्या आणि नको नको म्हणताना त्यांचे कान पावलं तोलायला लागले. ते मोठ्याने खाकरले, पुन्हा खाकरले, आवाज दूर जाईपर्यंत खाकरत राहिले.

तरन्नुम धापा टाकत आली. "सर, सगळं ठप्प आहे. सभागृहात पाहुण्यांचं भाषण पडद्यावर अर्धं राहिलंय, लोक फोन घेऊन बाहेर आलेत, कुलगुरूंना कुणाला फोनसुद्धा करता येत नाहीये."

"मी बंद केलंय."

तिने त्यांच्याकडे बघितलं, ते अजून भिंतीकडेच तोंड करून होते. मग मोकळ्या बोळाकडे बघितलं.

"त्यांना कळलं?"

"हो."

"किती वेळ बंद ठेवायचं?"

"ती परत येईपर्यंत."

"बरं. मी सांगते, बिघाड झालाय म्हणून." ती जाताना थांबली. "कुलगुरू विचारतील, बोरसे कुठे आहेत."

"दुरुस्ती करतायत म्हण."

तरन्नुम गेली. बाहेरून लोकांचा गलका ऐकू येत होता. किती वेळ गेला ते हेमंतना कळलं नाही. पाय दुखायला लागले तरी ते हलले नाहीत. ती परत आलीच नाही तर, दरवाजातून तशीच निघून गेली तर, तिला दोष देता आला नसता.

"वळू नका," मागून मनवाचा आवाज आला.

ते वळले नाहीत.

"काही उपयोग झाला नाही, पप्पा." तिला थोडी धाप लागली होती. "तुम्ही बघत नव्हता, यंत्रं बंद होती, तर मीच बघायला लागले. हे पाऊल सरळ पडलं का, ते पडलं का. वडाखाली सगळे फोन वर करून उभे होते, माझ्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. आणि मी आपली मोजतेय. आता ते माझ्याच आत सुरू झालंय. ते कुठून बंद करणार?"

हेमंतच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही, हात हलवला असता तर तिला कळलं असतं.

"औषध लवकर घेतलं तर उपयोग होतो म्हणालात ना. त्या बातमीत होतं."

"वाचली होतीस?"

"पाठ आहे मला ती." तिची धाप आता बसली होती. "सोमवारी तपासणी करून घेते पुण्यात. सुयशला मी सांगेन, तुम्ही नाही. मुलाचं काय ते नंतर आम्ही दोघं ठरवू. तुम्ही याल?"

"येतो."

"एक अट आहे. दवाखान्यात, रस्त्यात, कुठेही, तुम्ही माझ्या पुढे चालायचं. मागे राहून माझे पाय बघायचे नाहीत."

"नाही बघणार."

"मग चला. तुमच्यामुळे चारशे लोक खोळंबलेत. आधी ते सुरू करा, मग मला सत्राला सोडा."

हेमंत नियंत्रणाच्या खोलीत गेले. सगळं सुरू करण्याआधी त्यांनी शर्मिलाचं खातं उघडलं आणि बंद केलं. या वेळी बोट वळलं. मग एकेक इमारत पुन्हा जोडली. बाहेर येऊन, मनवाकडे न बघता, ते बोळातून पुढे चालू लागले. मागून तिच्या चपला वाजत होत्या. मान वळवायची नाही एवढ्याच एका गोष्टीकडे त्यांचं सगळं लक्ष होतं. तिला कष्ट पडू नयेत म्हणून ते जपून, एकेक पाऊल टाकत होते.

"पप्पा," मागून ती म्हणाली, "इतकं हळू नको. मला चालता येतं अजून."

त्यांनी पाय उचलला.